राजकन्येचा झगा आणि शिलाईचा दर

मागच्या शिबिरात जेवणाच्या सुट्टीत एका कार्यकर्तीने मला विचारलं, "तू संघटनेतली बाई, आणि सिंड्रेलाचे झगे शिवतेस?" विचारलं हसत हसत, पण त्यावरून पुढे तासभर चर्चा रंगली. राजकन्या म्हणजे वाट बघत बसलेली बाई, बारीक कंबर, राजपुत्र आणि शेवटी लग्न. असले पोशाख शिवणं म्हणजे पोरींच्या पायांत आपल्याच हातांनी बेड्या घालणं, असा एकूण सूर होता. त्या तासाभरात एक झगा शिवायला किती वेळ लागतो आणि त्याचे पैसे किती मिळतात, हे मात्र एकीनेही विचारलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आधी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. चित्रकथा, कार्टून, सिनेमा यांतल्या एखाद्या पात्राचा हुबेहूब पोशाख करून मिरवायचं, याला कॉसप्ले म्हणतात. कॉस्च्युम आणि प्ले हे दोन शब्द जोडून १९८०च्या दशकात जपानमध्ये हा शब्द रूढ झाला. आपल्याकडे २०११ साली दिल्लीत कॉमिक कॉन सुरू झालं, पुढे मुंबईतही भरू लागलं. तिथे कॉलेजातली मुलंमुली असे पोशाख घालून येतात, स्पर्धा होतात, बक्षिसं मिळतात. त्यातल्या काही मुली माझ्याकडे येतात, कारण मी ब्लाउज शिवते आणि कोणीतरी त्यांना सांगितलेलं असतं की मावशींचा प्रिन्सेस कट चांगला बसतो. (पाहा, राजकन्या आपल्या ब्लाउजात केव्हाची येऊन बसली आहे. तिथे कोणी हरकत घेतली नाही.)

आता कामाचं सांगते. आधी मांजरपाटावर कच्चा नमुना कापायचा, टाचून अंगावर बघायचा, खांदा उतरतोय का, छातीखाली झोळ येतोय का ते पाहून पुन्हा उसवायचं. साटन एकदा कापलं की संपलं, त्यावर सुईची भोकंसुद्धा दिसतात, म्हणून ही मेहनत स्वस्त कापडावर. मग वरची बॉडी: बाहेरचं कापड, मधलं जाड कापड, अस्तर, आणि शिवणींमध्ये प्लास्टिकच्या बोनच्या पट्ट्या. आतून कमरेला घट्ट पट्टा द्यावा लागतो, नाहीतर घेराचं सगळं वजन खांद्यांवर येतं आणि पोरगी दोन तासांत वाकते. खालचा घेर दोन पूर्ण गोलांचा. सत्तर सेंटिमीटरची कंबर आणि एकशे पाच सेंटिमीटर उंची धरली, तर खालची कड जवळजवळ चौदा मीटर होते. ही कड गोलात कापलेली, म्हणजे बराच भाग उरेब. तो लोंबतो. म्हणून घेर एक रात्र टांगून ठेवायचा, सकाळी कड पुन्हा सारखी करायची आणि मगच दुमड घालायची. घेर उभा राहतो तो आतल्या कॅनकॅन नेटमुळे. त्याच्या तीन झालरी: तीन मीटर, सहा मीटर, बारा मीटर. एका थराला एकवीस मीटर चुण्या, असे तीन थर, म्हणजे त्रेसष्ट मीटर चुण्या. हे नेट हातांना ओरखडे काढतं. शेवटी लेस आणि खडे, ते सगळं हातशिलाईने.

मी वहीत तास लिहून ठेवले. नमुना आणि फिटिंगला ८, बॉडीला १४, घेराला १२, कॅनकॅनला १०, लेस-खड्यांना १६. एकूण ६० तास. कापड गिऱ्हाइकाचं. शिलाई मिळत होती ३००० रुपये, म्हणजे तासाला ५०. त्यातच दोरा, सुया, वीज आणि मंगळदास मार्केटच्या खेपा. घरी नळ दुरुस्त करायला येणारा माणूस अर्ध्या तासाचे तीनशे घेतो, आणि ते त्याने घेतलेच पाहिजेत. पण मी ताशी हिशेब सांगितला की समोरची आई म्हणते, "ताई, तुम्हाला काय, घरच्या घरीच तर करता!"

घरच्या घरी. या दोन शब्दांनी बाईची मजुरी जेवढी खाल्ली आहे तेवढी कुठल्या मुकादमाने खाल्ली नसेल. आणि या बाबतीत सिंड्रेलाची गोष्ट मोठी बोलकी आहे. पेरो या फ्रेंच लेखकाने ती १६९७ साली छापली. त्यात ती मुलगी सावत्र बहिणींच्या कपड्यांना इस्त्री करते, त्यांच्या झालरींच्या चुण्या घालते. तिचा स्वतःचा झगा मात्र कांडी फिरवली की तयार! डिस्नेच्या १९५०च्या चित्रपटात पहिला झगा उंदीर आणि पक्षी शिवतात. तिथेही शिवण माद्यांकडे, नर बाहेर जाऊन मणी-लेस गोळा करणार. तो शिवलेला झगा बहिणी फाडतात, आणि खरा डोळे दिपवणारा झगा पुन्हा कांडीतूनच येतो. २०१५च्या चित्रपटातला निळा झगा सँडी पॉवेल यांनी योजला, त्यासाठी त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं, त्यांचं नाव सगळीकडे छापून आलं. हे चांगलंच झालं. पण त्या झग्याचे खडे आणि टाके ज्यांनी घातले त्या हातांना पडद्यावर पुन्हा जादूच म्हटलं आहे.

खऱ्या राजकन्येसाठी झगे कसे शिवले जात, याची नोंद मार्क्सने 'कॅपिटल'च्या पहिल्या खंडात करून ठेवली आहे. जून १८६३, लंडन. युवराजाशी नुकतंच लग्न होऊन डेन्मार्कहून आलेल्या राजकन्येच्या सन्मानार्थ नृत्यसमारंभ होता. त्यासाठी सरदारांच्या बायकांचे झगे शिवणारी मेरी अ‍ॅन वॉकली ही वीस वर्षांची मुलगी, आणखी साठ मुलींबरोबर, एकेका कोंदट खोलीत तीस-तीस जणी, सलग साडेसव्वीस तास काम करत होती. शुक्रवारी ती आजारी पडली आणि रविवारी मेली. कामाचे तास, गर्दी आणि कोंदट हवा यांनी ती मेली, अशी साक्ष डॉक्टरने दिली.

आज माझ्यावर कोणी साडेसव्वीस तासांची सक्ती करत नाही, हे खरं. पण स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात मी रात्री दोनपर्यंत मशीनवर असते, आणि त्या जागरणाला नाव नाही.

एकदा एका मुलीबरोबर मी तो मेळा पाहायला गेले होते. फोमचं चिलखत घातलेल्या मुलाभोवती घोळका. "कसं बनवलंस? गरम करून वाकवलंस का? लाइट कुठे बसवलेस?" माझ्या मुलीला मात्र सगळे म्हणत, "किती गोड दिसतेस!" चौदा मीटरची कड कशी सरळ आली, असं कोणी विचारलं नाही. फोम कापला की ते तंत्रज्ञान, कापड कापलं की ती हौस. ही विभागणी त्या पोरांनी शोधून काढलेली नाही, आपल्याच घरांतून तिथे गेली आहे. आणि हे म्हणायलाच हवं, की शिबिरातल्या माझ्या मैत्रिणीही तीच विभागणी करत होत्या. झगा घालणारीचं काय होतं यावर तासभर बोलल्या, शिवणारी समोर पोळी खात बसली होती.

राजकन्येच्या कल्पनेवर टीका करू नका, असं मी म्हणत नाही. बारीक कंबरेचं वेड मलाही दिसतं, फिटिंगच्या वेळी "मावशी, अजून आवळा" हे मीच ऐकते आणि आवळायला नाही म्हणते. पण त्या मुली काही भोळ्या नाहीत. एकीने झग्याला दोन खोल खिसे मागितले, एक मुलगा स्वतःसाठी झगा शिवून घेऊन गेला. त्यांचं त्या बघतील. बेडी शोधायचीच असेल तर पन्नास रुपये ताशी या आकड्यात शोधा.

घरी बसून काम करणाऱ्या बाईला कामगार म्हणा, हे १९७२ पासून 'सेवा'ने लावून धरलं. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकाम करणाऱ्या अशा कामगारांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने त्यावर अजून मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही. आपल्या मागणीपत्रांत हा मुद्दा असतो, पण शेवटून दुसरा.

आमच्या वस्तीतल्या सात शिवणाऱ्या जणींनी मिळून एक कागद केला आहे. शिलाई ताशी हिशेबाने, अर्धे पैसे आगाऊ, अंगावरचं माप बदललं तर उसवून शिवण्याचे वेगळे, प्रत्येक कामाची पावती, आणि स्पर्धेच्या अर्जावर शिवणारीचं नाव. "स्वतः बनवलेला" अशा गटात भाग घ्यायचा असेल तर मुलीने माझ्याशेजारी बसून शिकावं, मी शिकवते, शिकवण्याचे तास धरते. दोन गिऱ्हाइकं ऑनलाइन स्वस्त मिळतो म्हणून गेली. त्यातली एक परत आली, झग्याची चेन पहिल्याच दिवशी फाटली म्हणून. दुरुस्तीही ताशी दरानेच केली.

दर किती ठेवावा यावर आमच्यातच भांडण आहे. चौघी शंभर म्हणतात, तिघी दीडशे. तुमच्या गटात शिवणाऱ्या जणी असतील तर त्या काय घेतात ते अंकाच्या पत्त्यावर कळवा, आणि कळवताना तास मोजून कळवा.