धुराड्यांचा थाट

वारसा म्हटला की किल्ले, देवळं, फार तर वाडे आठवतात. नोकरांची घरं कोण जपतं? या अंकातला मुख्य लेख इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ असलेल्या ब्लेझ हॅम्लेटवर आहे. जॉन हार्फर्ड या बँकमालकाने आपल्या इस्टेटीवरच्या थकलेल्या नोकरांसाठी 1811च्या सुमारास इथे नऊ कॉटेजेस बांधून घेतली. वास्तुकार होता जॉन नॅश, पुढे बकिंगहॅम राजवाड्याचं काम करणारा. हिरवळीभोवतीचं एकही घर दुसऱ्यासारखं नाही. कुठे गवताने शाकारलेलं छप्पर, कुठे दगडी कौलं, आणि घराच्या मानाने अवाढव्य, नक्षीदार विटांची धुराडी. बुटक्या माणसाने भलामोठा फेटा बांधावा तशी! मला तीच सर्वांत आवडतात. हा खेडवळपणा अर्थातच बेतलेला. मालकाचं औदार्य चित्रासारखं दिसावं, हाही हेतू त्यात असणारच. पण म्हणून कारागिरी खोटी ठरत नाही. 1943पासून ही घरं नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहेत, संरक्षणाच्या पहिल्या श्रेणीत आहेत, आणि तरीही त्यांचं संग्रहालय झालेलं नाही. तिकडे गेलात तर हिरवळीवरूनच पाहा, खिडक्यांतून डोकावू नका. आत भाडेकरू राहतात.