हट्टी प्रोग्राम आणि घरचा संगणक

संगणक हे आज अनेक घरांतील नित्याचे साधन झाले आहे. त्यातील एखादा प्रोग्राम बिघडला, धड चालेना आणि काढू म्हटले तर निघेनाही, म्हणजे वडीलधारी मंडळी त्रासून दुकानाची वाट धरतात. तेथे पुष्कळदा एकच उपाय सुचविला जातो : सगळे पुसून नव्याने भरा! हा उपाय सर्वांच्या शेवटी योजावा, आरंभी नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. एका ढेकणासाठी सारी वळकटी जाळावी, तशातला हा प्रकार होय. त्या आगीत आजोबांची छायाचित्रेही जातात.

पडद्यावरील चिन्ह पुसले म्हणजे प्रोग्राम गेला, हा समज चुकीचा आहे. चिन्ह ही केवळ दारावरची पाटी. विंडोजमध्ये प्रोग्रामच्या फायली एके ठिकाणी, तर त्याच्या अनेक नोंदी ‘रजिस्ट्री’ नामक दप्तरात असतात. घाईने हातानेच फायली पुसल्या, की प्रोग्राम काढण्याचे साधनही बहुधा त्यांबरोबर नाहीसे होते आणि नोंद तेवढी मागे उरते. हट्टाचे मूळ पुष्कळदा येथेच असते.

म्हणून प्रथम महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. नंतर चालू असलेला प्रोग्राम बंद करून सेटिंग्जमधील यादीतून तो काढावा. काढण्याचे साधनच मोडले असेल, तर तोच प्रोग्राम त्याच जागी पुन्हा बसवावा व मग काढावा. हे उफराटे वाटले, तरी अनेकदा गुणकारी ठरते. रजिस्ट्रीला मात्र जाणत्यावाचून हात लावू नये.

कोणी म्हणेल, पडला आहे तर पडू द्या! त्यांनी फ्लॅश प्लेयरचे उदाहरण आठवावे. अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० नंतर त्याची देखभाल थांबविली आणि तो काढून टाकण्याचा सल्ला स्वतःच दिला. कारण दुरुस्ती थांबलेला प्रोग्राम म्हणजे कडी मोडलेले मागील दार. विंडोजबरोबर आलेला फ्लॅश काढण्यासाठी मायक्रोसॉफ्टने अपडेट दिले. परंतु लोकांनी स्वतः बसविलेला फ्लॅश त्याने निघत नव्हता. तो ज्याचा त्यानेच काढावयाचा होता.

संगणकाच्या तासाला आम्हांस नवे प्रोग्राम वापरण्यास शिकविले जाते. जुने नीट काढावयासही शिकवावे, अशी आमची नम्र सूचना आहे. बसविणे सोपे असते. निगुतीने काढण्यास धीर लागतो, आणि घरच्या ठेव्याचे रक्षण त्या धीरानेच होते.