माळ विकणे आहे!



'विस्तीर्ण माळरान एकत्रित विकणे आहे. गुरे-मेंढरे चारण्यास उत्तम. शिकारीची हौस असणाऱ्यांस विशेष सोयीचे.' अशा धाटणीचा मजकूर हल्ली मोबाइलवरून हिंडत असतो. सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळ्याकडचे दलाल तर हेच बोलणे चहाच्या कपाबरोबर तोंडी ऐकवतात. ऊस परवडेना, मजूर मिळेना, तेव्हा घ्यावा एखादा माळ आणि पाळावीत चार जनावरे, असा विचार तुमच्याही घरात चालला असेल. विचार वाईट नाही. पण बयाणा देताना पाटल्या घरच्या लक्ष्मीच्या मोडतात, म्हणून आज दोघांनी मिळून हे वाचावे अशी विनंती आहे.

ही जाहिरात आपल्या मातीतली नाही, अमेरिकेतली आहे. तिकडे टेक्सासमध्ये हजारो एकरांची रानेच्या राने एकाच्या मालकीची असतात. तिथले हरीण कायद्याने सरकारचे, पण रानात पाऊल टाकायचे भाडे मालकाचे. हंगामात शिकारी येतात, भाडे मोजतात, आणि काही रानांत गुरांपेक्षा या भाड्याचाच पैसा जास्त होतो. तिथे 'चराईस व शिकारीस योग्य' असे लिहिले तर त्याला अर्थ आहे. आपल्याकडे त्याच ओळीतला निम्मा माल विकणाऱ्याचा नसतोच!

शिकारीचे आधी उरकून घेऊ. संस्थानी काळात शिकारीची राने राखलेली असत. कोल्हापूरच्या छत्रपतींकडे शिकवलेले चित्ते होते, ते सांभाळणारे चित्तेवान होते, आणि त्या चित्त्यांकडून माळावरच्या काळविटांची शिकार होई. ते चित्ते गेले. १९५२ साली देशातून चित्ता संपल्याचे जाहीर झाले. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्तीने हौसेची शिकार कायमची बंद झाली. काळवीट मारले तर किमान तीन वर्षे, जास्तीत जास्त सात वर्षे कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५ हजार रुपये. जमीन स्वतःच्या नावावर आहे म्हणून सूट नाही. ससा, तितर हेही त्या कायद्याच्या यादीत आहेत. तेव्हा 'शिकारीची सोय' म्हणून कोणी एकरी चार पैसे जास्त मागत असेल तर तो तुम्हाला तुरुंगाची सोय विकतो आहे असे समजा. उलट काळविटांचा कळप उभ्या ज्वारीत शिरतो तो खर्च मात्र तुमचाच. त्याची भरपाई वनखात्याकडून मिळते, पण नुकसान दिसताच अर्ज आणि पंचनामा झाला तरच.

सोलापूर जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे, तो म्हणजे माळढोकाचा. १९७९ साली सोलापूर आणि त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावेच्या गावे, खाजगी शेते, सगळे आले. खरेदी-विक्रीला, बांधकामाला किती अडचणी झाल्या ते त्या पट्ट्यातल्या माणसाला सांगायला नको. पुढे ते क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. नान्नजला आजही कुंपणात राखलेले गवताळ तुकडे आहेत. अवर्षणप्रवण क्षेत्राच्या कार्यक्रमात ते राखले गेले, गवत वाढले, आणि माळढोक तिथे येऊ लागला. आता तो इथे क्वचितच दिसतो. देशातले उरलेसुरले पक्षी बहुतेक राजस्थानात आहेत. पण अभयारण्याची हद्द आहेच. तुम्ही पाहता तो गट हद्दीत आहे की बाहेर, हे दलालाला विचारू नका. वनखात्याला विचारा.

आता 'विस्तीर्ण' या शब्दाकडे या. कोरडवाहू जमिनीची कमाल मर्यादा आपल्याकडे पाच माणसांच्या कुटुंबाला ५४ एकर आहे. त्यात राज्यात तुमची दुसरीकडे असलेली जमीनही धरतात. मग एकट्याच्या मालकीचा शे-दोनशे एकरांचा एकत्रित माळ आला कुठून? तो बहुधा पाच-सात जणांचा असतो, आणि त्यातल्या दोघांनी अजून सही द्यायचे कबूल केलेले नसते. किंवा देवस्थान इनामाची जमीन मध्ये असते. किंवा, हे सर्रास दिसते, मधला मोठा तुकडा गायरान असतो. गायरान गावाच्या जनावरांचे, सरकारी मालकीचे. ते कोणाला विकता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचे आदेश राज्यांना दिलेले आहेत. 'तीस वर्षे आमचीच वहिवाट आहे' हे वाक्य ऐकले की तिथेच उठावे, चहा अर्धा राहिला तरी चालेल.

सातबारा तुम्हाला वाचता येतोच. तरी दोन रकाने पुन्हा बघा. 'भोगवटादार वर्ग २' असेल तर परवानगी आणि नजराण्याशिवाय खरेदी टिकत नाही. 'इतर हक्क' या रकान्यात बोजा, कूळ, वन, काय काय दडलेले असते ते तिथेच कळते. पोटखराब्यात वर्ग ब असेल तर ती वाट, नाला अशी सार्वजनिक कामाची जागा. तीही मोजून पैसे मागणारे भेटतात. मुंबईचा जावई पैसे घालणार असेल तर तो शेतकरी असल्याचा दाखला हवा, नाहीतर खरेदी अडते.

हे सगळे कागदाचे झाले. खरी गोम गवतात आहे, आणि त्याचा हिशेब फारसे कोणी करत नाही. तो आपण इथे बसूनच करू. खिलार गाय दिवसाला साधारण ७ किलो वाळला चारा खाते. वर्षाचा झाला अडीच टन. आपल्याकडे पाऊस सरासरीने जेमतेम साडेपाचशे मिलीमीटर, तोही लहरी. बऱ्यापैकी राखलेल्या मुरमाड माळावर हेक्टरी एक टन वाळले गवत धरू. उघड्या, तुडवलेल्या माळावर त्याच्या निम्मेही येत नाही. ४० एकर म्हणजे १६ हेक्टर, म्हणजे १६ टन. त्यातले निम्मे तरी रानात राहिले पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी मूळच उरत नाही. हाती आले ८ टन. त्यावर गाई किती? तीन! मेंढरे धरली तर वीस-बावीस. ४० एकरांचे पैसे मोजून तीन गाई! आता दलालाचा 'पन्नास जनावरे आरामात' हा हिशेब शेजारी मांडून बघा.

मग आपल्या धनगर बांधवांचे शे-दीडशेचे कळप कसे जगतात? ते एका माळावर जगत नाहीत म्हणून जगतात. पाऊसकाळात माळ, सुगी झाली की कापलेली रानं, पुढे पश्चिमेची वाट. वाटेत शेतात मेंढरे बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे. माळाला मधले महिने मोकळे मिळतात, गवताचे बी पडते. तुम्ही माळ घेऊन चारी बाजूंनी तारा ठोकल्या तर ही वाट तुटते. त्यावरून गावात भांडण होणार हे आधीच धरून चाला. माझे मत विचाराल तर वहिवाटीची वाट सोडूनच कुंपण घालावे. बसवलेल्या मेंढरांचे खत तुमच्याही कामाचे आहे.

माळ घेऊच नये, असे मी म्हणत नाही. कमी जनावरांत, कापून चारायच्या तयारीने घेतला तर तो पोटाला आधार देतो. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने मोकाट चराई बंद करून गवत कापून न्यायची रीत घातली आणि गाव दुधाचे झाले. दोन-तीन पावसाळे माळ बंद ठेवा. मारवेल आणि पवना परत येतात. कुसळी जातीचे गवत मात्र कुसळे धरण्याआधीच कापा, नंतर ते जनावराच्या तोंडात टोचते आणि मेंढीच्या लोकरीत अडकून कातड्यात घुसते. वेडी बाभूळ दिसली की मुळासकट काढा. ती एकदा पसरली की गवत विसरा. आणि दोन वर्षे बाहेरून चारा विकत घ्यायचा पैसा आजच बाजूला ठेवा, कारण बंद माळावर गाय बांधता येत नाही. हा खर्च जमिनीच्या भावात कोणी सांगत नाही.

विकणारा माळ भाद्रपदात दाखवतो. तेव्हा गुडघाभर हिरवे असते, वाऱ्यावर लाटा उठतात आणि माणूस भुलतो. तुम्ही वैशाखात जा, भर दुपारी. मोजणीचा नकाशा बरोबर घ्या, हद्दीचे दगड पायी फिरून बघा. आसपास कोणी मेंढरे घेऊन बसला असेल तर त्याच्याजवळ टेका आणि शेवटचे पाणी कोणत्या विहिरीत राहते ते विचारा. घरून पाण्याची बाटली नेऊ नका. तिथेच पाणी मागा, आणि ते किती लांबून आणून देतात ते बघा.