रिफ्लेक्टर लावले, ब्रेकचं काय?

गाळप हंगाम तोंडावर आला की एक कार्यक्रम ठरलेला असतो. कारखान्याच्या यार्डात ट्रॅक्टर रांगेत उभे करायचे, ट्रॉलीला लाल-पिवळे रिफ्लेक्टर चिकटवायचे आणि साहेबांसोबत फोटो काढायचा. काम चांगलंच आहे. रात्री बंद पडलेली ट्रॉली दिसली नाही म्हणून किती दुचाकीवाले गेले, हे आपल्याला सांगायला नको. पण रिफ्लेक्टर मागून येणाऱ्याला वाचवतो. पुढे चाललेल्याला कोण वाचवणार?

डबल ट्रॉलीचा हिशोब करा. दोन ट्रॉल्यांत मिळून 20 टन ऊस सहज असतो. ओढणारा ट्रॅक्टर स्वतः दोन-अडीच टनांचा. आणि हे सगळं थांबवायचं कशावर, तर ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांच्या ब्रेकवर. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतोच. उतारावर ट्रॉली मागून ढकलते, ट्रॅक्टर आडवा होतो. त्यात डाव्या-उजव्या ब्रेकची पायडलं जोडणारी पट्टी शेतातून आल्यावर कित्येकजण लावतच नाहीत. तीर्थपुरी, घनसावंगी, अंबडकडे जाणाऱ्या रस्त्यांवर हंगामात कोण कसं चालतं ते तुम्ही रोज बघता. शाळेची पोरंही त्याच रस्त्यावर असतात.

माझं म्हणणं सरळ आहे. ऊस ओढणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरला इंजिनावर चालणारा हवेचा कॉम्प्रेसर बसवा आणि त्या हवेवर ट्रॉलीला ब्रेक द्या. ट्रकला हेच असतं, एसटीला हेच असतं. ऊस मात्र अजून नशिबावर थांबतो.

कॉम्प्रेसर आपल्याला नवा नाही. विहिरीच्या कामावर खडकाला होल मारायला येणारा ट्रॅक्टर कॉम्प्रेसर सगळ्यांनी पाहिलाय. पण तो पीटीओवर चालतो, उभ्या ट्रॅक्टरवर. ब्रेकसाठी तसा चालणार नाही, कारण रस्त्यावर पीटीओ कोणी चालू ठेवत नाही. ब्रेकचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पुढच्या पुलीवरून पट्ट्याने फिरायला हवा. इंजिन चालू तोवर हवा तयार. टाकीत साधारण 7-8 बार, म्हणजे 100 ते 115 पीएसआय दाब झाला की अनलोडर व्हॉल्व्ह कॉम्प्रेसरवरचा भार काढून घेतो. सीटवरून दिसेल असा मीटर लावायचा. काटा खाली असेल तर ट्रॉली हलवायचीच नाही.

दुसरा फायदा टायरचा. पुण्या-मुंबईकडची जीपवाली हौशी मंडळी वाळूत, चिखलात शिरताना चाकातली हवा कमी करतात आणि रस्त्यावर आल्यावर गाडीतल्याच कॉम्प्रेसरने परत भरतात. आपला ट्रॅक्टर तर रोज शेतातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून शेतात जातो. कालव्याच्या पाण्यावरची काळी माती, ओला फड, रुतलेली ट्रॉली आणि ती काढायला तीन ट्रॅक्टर, हे दर हंगामाचं चित्र आहे. हवा कमी केली की टायर पसरतो, माती वरून कमी दाबली जाते आणि खोडव्याला त्याचा फायदा होतो. (खालच्या थरातलं दाबणं मात्र वजनावर अवलंबून असतं. तिथे हवेची जादू चालत नाही, ट्रॉलीच कमी भरावी लागते.) पण त्याच कमी हवेवर भरली ट्रॉली घेऊन रस्त्याला लागलं तर टायर तापतो आणि फुटतो. म्हणून हवा परत भरायची सोय जवळच पाहिजे. पंक्चरवाला शेताच्या बांधावर येत नाही. बॅटरीवरचा छोटा पंप मोटरसायकलला ठीक, ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला तो तापून बंद पडेल.

आता जुगाडाविषयी, कारण आपल्याकडे गाडी शेवटी तिथेच येते. भंगारातला ट्रकचा कॉम्प्रेसर आणून पट्टा जोडणारे मिस्त्री भरपूर आहेत. पण त्या कॉम्प्रेसरला इंजिनातून ऑइल जावं लागतं. ती लाइन नीट जोडली नाही तर तो जाम होतो. टाकी म्हणून गॅसचं जुनं सिलिंडर अजिबात लावू नका. सेफ्टी व्हॉल्व्ह नसलेली किंवा आतून गंजलेली टाकी म्हणजे बॉम्बच. टाकीत पाणी साठतं, ते रोज खालच्या नळीने सोडायचं. फिरत्या पट्ट्यावर जाळी हवीच. उपरणं, पदर ओढला जायला क्षण लागत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकाच नळीचा स्वस्त ब्रेक. पायडल दाबलं की हवा जाते आणि ब्रेक लागतो. पण पिन तुटून ट्रॉली सुटली, नळी निघाली, की ब्रेकही गेला, आणि नेमका तेव्हाच तो हवा असतो. मोठ्या ट्रकला उलटं असतं. हवा आहे तोवर स्प्रिंग दाबून धरलेली, हवा गेली की स्प्रिंग स्वतः ब्रेक लावते. ट्रॉलीला तसाच ब्रेक पाहिजे.

खर्च? कॉम्प्रेसरपेक्षा ट्रॉलीवरच जास्त होणार, कारण बऱ्याच ट्रॉल्यांच्या आसाला ब्रेक ड्रमच नाहीत. हा बोजा एकट्या वाहतूकदारावर टाकणं बरोबर नाही. करार करताना कारखाना त्याला उचल देतोच ना? त्यातच ब्रेकसाठी वेगळी रक्कम धरावी आणि हप्त्याने कापून घ्यावी. अंकुशनगर असो की तीर्थपुरी, ऊस आपलाच जातो. सभासद म्हणून हे विचारायचा आपला हक्क आहे.

आरटीओचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 गाडीत मनाने बदल करू देत नाही. अपघात झाल्यावर विमावाल्याने तेच कलम काढलं तर बिचारा मालक मरतो. म्हणून आरटीओच्या साहेबांनी रिफ्लेक्टरच्या कार्यक्रमाला येताना तपासणीचा माणूसही आणावा. कुठला संच चालेल, नोंद कशी होईल, ते यार्डातच सांगावं.

आपल्या सर्कलमध्ये ज्यांनी ट्रॅक्टरला असा कॉम्प्रेसर बसवलाय त्यांनी फोटो टाका. पट्टा कुठून घेतला, टाकी कुठे बसवली, नळी एक की दोन, तेही लिहा. करार व्हायच्या आत हे सगळं एकत्र करून कारखान्याच्या शेतकी विभागाला निवेदन देऊ.