गरिबाच्या लेकीचा आधार

गरिबाच्या मुलीस चांगले स्थळ मिळाले की तिचे दैन्य फिटले, अशी समजूत आपल्या मराठवाड्यात फार खोल रुजलेली आहे. ती कितपत खरी आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

नांदेड जिल्ह्यातील मुखेड व कंधार, तसेच लातूर जिल्ह्यातील जळकोट व अहमदपूर या भागांतून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात. तेथे नवराबायकोच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. मुलाचे लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो. इकडे वयात आलेली मुलगी पाचसहा महिने गावी कोणाच्या भरवशावर ठेवावी, ही धास्ती तिच्या आईबापांस असते. अशा रीतीने दोन घरांची निकड जुळते आणि मुलीची शाळा सुटते. २००६ सालच्या कायद्याने मुलीच्या विवाहास १८ वर्षांची मर्यादा घातली आहे. परंतु निकडीपुढे कायद्यास कोण विचारतो? असे लग्न झाले म्हणून मुलगी दारिद्र्यातून सुटत नाही. ती बापाच्या उचलीतून नवऱ्याच्या उचलीत जाते, एवढेच.

याउलट पंडिता रमाबाईंचे चरित्र पाहा. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आईबाप गेले. भावाबरोबर अर्धपोटी, पायी देश हिंडत त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या, तेव्हा त्यांच्यापाशी विद्येवाचून दुसरे धन नव्हते. त्या विद्येनेच त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळवून दिल्या. पुढे १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी विवाह केला. प्रांत निराळा, जात निराळी. पण निवड स्वतःची होती. त्यांनी पोटासाठी पती पत्करला नाही, म्हणूनच त्या प्रीतीस तेज होते.

दैवाने तो संसार दोन वर्षेही टिकू दिला नाही. १८८२ मध्ये पती निवर्तले आणि पदरी तान्ही मनोरमा राहिली. पती हाच एकमेव आधार असता, तर त्यांची कथा तेथेच संपली असती. परंतु त्याच वर्षी त्यांचे ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक निघाले, १८८९ मध्ये मुंबईस शारदासदन उघडले आणि पुढे केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळपीडित मुलींस आसरा मिळाला.

यावर कोणी म्हणेल, रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री विद्वान होते, त्यांनी घरातील स्त्रियांस शिकविले. कोयत्यावर राबणाऱ्या बापाने काय करावे? आक्षेप रास्त आहे. त्या बापास दोष देऊन भागणार नाही. त्याची धास्ती खरी आहे आणि तिचे निवारण उपदेशाने होत नाही. हंगामात मुलीस गावीच निर्धास्त राहता येईल असे वसतिगृह आणि जेवणाची सोय हेच तिचे उत्तर होय. शिक्षणासाठी लातूरचे नाव आज महाराष्ट्रभर घेतले जाते. त्या कीर्तीचा उजेड जळकोटच्या तांड्यांपर्यंत पोहोचला तरच तिची शोभा.

प्रेम हे दारिद्र्यावरचे औषध नव्हे. स्वतःच्या पायांवर उभी राहिलेली मुलगीच ते निर्भयपणे देऊ शकते, घेऊ शकते आणि प्रसंगी नाकारूही शकते. तिला आधी उभे राहू द्या. सोबती ती आपला आपण निवडील.