रोज सकाळी एकदाच!

आमच्या हॉस्टेलमध्ये सध्या कुणाला अलार्म लावावा लागत नाही. सकाळी सहाच्या सुमारास वर्कशॉपच्या मागून "व्रूम... भक्... भक्... फुस्स" असा आवाज आला की समजायचं, फॉर्म्युला टीमचं इंजिन उठलं आणि परत झोपलं! या आवाजाबद्दल मेसमध्ये रोज मलाच बोलणी बसतात, कारण टीममध्ये ईसीयूचं काम माझ्याकडे आहे. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं. शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे भारी मराठी शब्द मला येत नाहीत. आयडल म्हणजे आयडल. चूकभूल द्यावी घ्यावी.

तर आमच्या गाडीत जुन्या ३९० ड्यूकचं ३७३ सीसीचं, एका सिलिंडरचं इंजिन आहे. बाइकमध्ये असताना ते शहाण्या मुलासारखं आयडल व्हायचं. आम्ही त्यात व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅम बसवला, फ्लायव्हील हलकं केलं, नियमाप्रमाणे इनटेकमध्ये २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर घातला आणि मूळ ईसीयू काढून प्रोग्रॅम करता येणारा लावला. डायनोवर पॉवर वाढली, फोटो निघाले, पार्टी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू राहीना! पकडायची, आरपीएम २८०० ला जायचे, धाडकन ९०० ला यायचे, परत वर, परत खाली, आणि तिसऱ्या झोक्याला बंद.

यावर पिढ्यान् पिढ्या चालत आलेला रामबाण उपाय म्हणजे थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू पिळायचा आणि रेस वाढवून ठेवायची. ३५०० वर आमचं इंजिन बिनतक्रार चालतं. सीनियर दादा खूश, सगळे नाश्त्याला मोकळे! माझं या लेखात म्हणणं एवढंच आहे की त्या स्क्रूला हात लावू नका. त्याने दुखणं झाकतं आणि उरलेलं सगळं बिघडतं.

कसं ते सांगते. सुरुवातीला सगळ्यांनी खापर रिस्ट्रिक्टरवर फोडलं. पण आयडलला इंजिन हवा घेतं ती इतकी थोडी, की २० मिलिमीटरचं भोक तिला फारसं अडवतच नाही. खरा गुन्हेगार कॅम. इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ वाढला, त्यामुळे कमी आरपीएमला जळलेला वायू उलटा इनटेकमध्ये शिरतो आणि व्हॅक्यूम धड तयार होत नाही. त्यातून सिलिंडर एकच, म्हणजे प्रेशर सेन्सरचं रीडिंग आधीच नाचरं. ईसीयू त्या नाचऱ्या आकड्यावरून पेट्रोल मोजतो, पेट्रोल नाचलं की आरपीएम नाचतात, आरपीएम नाचले की प्रेशर नाचतं. गरबाच सुरू!

म्हणून आम्ही कमी आरपीएमला प्रेशर सोडून थ्रॉटल किती उघडा आहे आणि आरपीएम किती, या दोनच गोष्टींवर पेट्रोल ठरवलं. आता बघा, थ्रॉटल जवळजवळ बंद असताना तो केसभर हलला तरी हवेत मोठा फरक पडतो. अशा वेळी कुणी स्क्रू अर्धा आटा फिरवला, की मेहनतीने भरलेलं अख्खं टेबल एका घरातून दुसऱ्या घरात सरकतं. स्क्रू पिळणाऱ्याला हे कळतही नाही.

दुसरा धडा लॅम्डा सेन्सरचा. एखादा स्फोट चुकला की न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये जातो, सेन्सर म्हणतो "पेट्रोल कमी आहे", ईसीयू आणखी ओततो आणि प्लग ओला होतो. आयडलला आम्ही त्याचं ऐकणं बंद केलं आणि इंजिन जिथे सर्वांत शांत चालतं ते मिश्रण पकडलं. ते पुस्तकातल्या १४.७ ला नव्हतं, १३ च्या आसपास होतं.

तिसरा स्पार्कचा, आणि हा माझा आवडता. आमच्या टेबलमध्ये आरपीएम पडले की ॲडव्हान्सही कमी होत होता, म्हणजे पडणाऱ्याला आणखी धक्का! आम्ही उलटं केलं: १८०० ला १४ अंश, १४०० ला २० आणि २२०० ला ८. हवा वाढवली तर परिणाम दिसायला थोडा वेळ लागतो, स्पार्कचा परिणाम मात्र लगेच पुढच्या स्फोटात दिसतो. हलक्या फ्लायव्हीलला असाच चपळ आधार लागतो.

शेवटी स्टार्टिंग. सेल मारताना बॅटरी ९ व्होल्टपर्यंत पडायची आणि व्होल्टेज पडलं की इंजेक्टर उघडायला उशीर करतो, त्याचा हिशोब आम्ही भरलाच नव्हता. शिवाय थंड इंजिनात बरंचसं पेट्रोल पोर्टच्या भिंतीलाच चिकटतं, म्हणून चालू झाल्यावर काही वेळ जास्त द्यावं लागतं. आमचं ते जास्तीचं पेट्रोल पाच सेकंदांत संपत होतं, ते पंचवीसवर नेलं.

हे सगळं लिहायला दहा मिनिटं लागली. करायला अकरा सकाळी लागल्या, कारण रात्रभर थंड झालेलं इंजिन दिवसातून एकदाच मिळतं. एकदा सेल मारला की संपलं, पुढची परीक्षा उद्या! रोज एकच बदल, वहीत एक ओळ. दिवाळीच्या सुट्टीत मी गावातच मावशीकडे राहत होते, म्हणून हे जमलं. बाराव्या दिवशी पहिल्या सेलला इंजिन पकडलं आणि १८०० वर उभं राहिलं. जरा डुलत होतं, पण एवढ्या मोठ्या कॅमवर तेवढं चालायचंच. वर्कशॉपच्या मामांनी चहा पाजला.

सुट्टी संपली, मी हॉस्टेलवर आले. लेडीज हॉस्टेलचं गेट साडेसहाला उघडतं आणि मुलं सहाला सेल मारतात. म्हणजे तुम्हाला जाग आणणारा तो आवाज मीसुद्धा पांघरुणातूनच ऐकते! एका सकाळी गाडी पहिल्या झटक्यात पकडली नाही, कुणीतरी स्क्रू अर्धा आटा फिरवला आणि आपण परत "भक्... भक्... फुस्स" वर.

जानेवारीत कोईम्बतूरला स्पर्धा आहे. आवाजाच्या चाचणीत आयडलला ११० नव्हे, १०३ डेसिबलची मर्यादा असते, तिथे वाढवलेली रेस महागात पडेल. एन्ड्युरन्सच्या २२ किलोमीटरच्या मध्यावर ड्रायव्हर बदलताना इंजिन बंद करावं लागतं आणि मग ते चालू झालंच पाहिजे. तिथे डायनोचा फोटो दाखवून भागत नाही.

म्हणून दोन विनंत्या. टीमच्या मित्रांनो, मी पोचेपर्यंत कृपा करून सेल मारू नका, आणि स्क्रूला लावलेलं सील तोडू नका. रेक्टर मॅडम, स्पर्धेपर्यंत टीममधल्या आम्हा तीन मुलींना सरांच्या सहीच्या पत्रावर पावणेसहाला बाहेर सोडा. आवाज होईल, पण एकदाच होईल. बाकी हॉस्टेलला पुन्हा अलार्म लावावे लागतील, त्याला माझा नाइलाज आहे!