ताकद लिहा, वेगही लिहा

केस पेपरवर आपण ‘क्वाड्रिसेप्स ५/५’ लिहितो आणि पुढच्या पेशंटकडे वळतो. तोच पेशंट जिना उतरताना कठडा सोडत नाही. ठेच लागली तर त्याला सावरता येत नाही. आपली तपासणी चुकलेली नसते, अपुरी असते. हाताने रोध देऊन ताकद पाहतो तेव्हा सांधा जवळजवळ स्थिर असतो. ठेच लागते तेव्हा तो स्थिर नसतो.

ए. व्ही. हिल यांनी १९३८ साली बेडकाच्या स्नायूवर दाखवून दिले, की स्नायू जितक्या वेगाने आखडतो, तितके त्याचे बल घटते. आधी झपाट्याने, मग हळूहळू. वेग वाढला की अ‍ॅक्टिन आणि मायोसिन यांचे सेतू जुळायला वेळ पुरत नाही. आयसोकायनेटिक यंत्रावर गुडघा सरळ करायला लावला, तर सेकंदाला ६० अंश वेगाला मिळणारा टॉर्क १८० अंशांना उतरतो आणि ३०० अंशांना आणखी खाली येतो. एक्सेंट्रिक कामात मात्र, म्हणजे स्नायू भार पेलत लांबत असताना, वेग वाढला तरी टॉर्क फारसा घटत नाही. म्हणूनच उठायला जड जाणारा पेशंट सावकाश बसू शकतो. या दोन क्षमता एकाच आकड्यात बसवणे अन्यायाचे आहे.

वयानुसार जलद तंतू अधिक झिजतात, त्यामुळे ताकदीच्या आधी पॉवर जाते. पूर्ण बल उभे करायला स्नायूला साधारण ०.३ सेकंद किंवा अधिक लागतात. तोल सावरायला तेवढी उसंत मिळेलच असे नाही.

मग करायचे काय? यंत्र असेल तर वेग नोंदवल्याशिवाय टॉर्क लिहू नका. हॅमस्ट्रिंग-क्वाड्रिसेप्स गुणोत्तरही वेगानुसार बदलते. ६० अंशांच्या आकड्यावरून खेळाडूला मैदानात सोडू नका. यंत्र नसेल तर खुर्चीतून पाच वेळा उठण्याचा वेळ घ्या, उठणे आणि बसणे वेगवेगळे पाहा. दुखणे व सूज बसली, हालचालीवर ताबा आला, की हलके वजन झटक्यात नव्हे पण चपळाईने उचलायला आणि सावकाश खाली आणायला शिकवा. हळू व्यायामावरच थांबलेला पेशंट हळू हालचालीपुरताच बरा होतो. त्याला घरी पाठवण्याआधी वेगाची परीक्षा घेणे ही आपली जबाबदारी आहे.